दार लावून घ्या

नवा नियम एका ओळीचा आहे:
हक्कसोडपत्रावर सही घेण्याआधी
बाईला एकटीला विचारावं.

एवढ्यासाठी आम्हाला प्रिश्तिनाला नेलं, दोन दिवस,
हॉटेलात, गळ्यात नावाच्या पट्ट्या,
पडद्यावर समानतेचा कायदा, कलमामागून कलम,
आणि दर दीड तासाने कॉफी.
कायदा तसा जुनाच.
आमच्या राहोवेत्सच्या कोर्टात त्याच्या चार प्रती होत्या.
वाऱ्याने खिडकी वाजू नये म्हणून
एकीची घडी आम्ही फटीत सारायचो.

एकटीला विचारायचं म्हणजे भावांना बाहेर काढायचं.
हे पडद्यावर नव्हतं.
भाऊ तिघे, बूट पुसून आत आलेले,
थोरला सबीत, पांढरी टोपी मांडीवर,
माझ्या वडिलांबरोबर द्राक्षं तोडलेला माणूस.
"मी कशाला बाहेर? माझीच तर बहीण."
नियम आहे, मी म्हटलं,
बाई नसताना वर्ग सांभाळणाऱ्या मुलीच्या आवाजात.
दार लावून घ्या.

दार लागत नाही. ओल धरल्यापासून
त्याला खांदा द्यावा लागतो.
मीच दिला.

आत उरलो आम्ही दोघी, शेगडी,
नमुना क्रमांक सात.
मेय्रेमे, वय एकसष्ट.
पर्स दोन्ही हातांनी धरलेली, बसमध्ये धरतात तशी.
मी वाचायला लागले: आपण स्वखुशीने, कोणत्याही दबावाविना...
"हो, हो. सही कुठे करू?"
वाक्य पुरं करायचं असतं. मी पुरं केलं.
मग नमुन्यात नसलेलं विचारलं:
काय सोडताय, माहीत आहे?

"वडिलांचं."
किती?
ती खिडकीकडे बघत राहिली.

मी वाचून दाखवलं, चष्मा ती विसरली होती:
द्राक्षमळा, एक हेक्टर दहा आर.
घर, दुमजली. ओढ्याकाठचा तुकडा.
अक्रोडाची झाडं, चार.

"पाच."

कागदावर चार आहेत.

"पाचवं मी लावलंय. नऊ वर्षांची होते.
वडील म्हणाले, पोरीच्या हातचं जगायचं नाही.
लिही. पाच."

मी पेन्सिलीने पाच लिहिलं.

दारापलीकडे कुणी खोकलं.
हा खोकला माझ्या ओळखीचा आहे.
तोच ऐकत मीही सही केली होती,
दोन हजार सहाचा नोव्हेंबर, हीच इमारत,
टेबल तेव्हा हिरवं होतं.
पेन भावाचं, बसभाडंही त्याचंच.
कारकून सभ्य. त्याने मला खुर्ची दिली.
विचारलं काही नाही.
विचारलं असतं, तरी मीही म्हटलंच असतं, हो, हो, कुठे करू?

"नाही म्हटलं," मेय्रेमे पर्सशीच बोलल्यासारखी बोलली,
"तर ईदला कुणाच्या दारात जाऊ?"

मी मनात कलमं उलटली.
ईदचं कलम नाही.
प्रिश्तिनात बजावलं होतं, सल्ला देऊ नका.
मी दिला नाही. खरं तर
मला सुचलाच नाही.

शेगडीत लाकूड फुटलं.
"आधी झाड बघून येते," ती म्हणाली.

नमुन्यात चौकटी दोनच, होय आणि नाही.
मी समासात लिहिलं: अर्जदार झाड बघून येणार.
न्यायाधीश ल्युल्येताबाईंनी ते दोनदा वाचलं,
माझ्याकडे पाहिलं, तारीख दिली.
एकोणीस नोव्हेंबर.

सबीतने टोपी घातली, माझ्याशी बोलला नाही.
बहिणीसाठी गाडीचं दार मात्र उघडलं.
मागचं.

रात्री माझ्या भावाचा फोन.
मिरच्या भाजून झाल्या, दोन पोती पाठवतोय.
दर ऑक्टोबरात पाठवतो,
जाड सालीच्या, गोड, बोटांना धुराचा वास राहतो तीन दिवस.
जीव लावतो तो, खोटं कशाला बोलू.
मी विचारलं, आपल्या मळ्यात झाडं किती रे?
"का गं?" तो हसला.
मग हसायचा थांबला.

'सहज' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता.
मी तो उच्चारला नाही.