माल पोच

दिवसभर मी गावं लिहितो.
भिवंडी, पानिपत, इरोड, कटक.
टॉवेल, चाळीस गठ्ठे. चादर, बावीस.
कार्बनखाली तीच गावं पुन्हा, निळी, जरा फिकट.
अक्कलकोट रोड एमआयडीसीत पंखा
गरम हवा इकडची तिकडं करतो
आणि बिल्टी हातात घेताना ड्रायव्हरचा अंगठा
ऑइलचा डाग ठेवून जातो, नेमका गावाच्या नावावर.
एकोणीस वर्षं.
त्यातलं एक गाव पाहिलेलं नाही मी.

रात्री, बायको उद्याच्या विड्यांची पानं
भिजवून झोपली की
मुलानं मागं ठेवलेला कॉम्प्युटर माझा.
स्टिअरिंग जुन्या बाजारातलं, सातशेचं,
टेबलाला चादरीच्या काठानं बांधलेलं.
चावी. इंजिन.
प्लास्टिकच्या खुर्चीखाली सोळा चाकं थरथरतात.
(तसं काही होत नाही. पण होतं.)

पडद्यावर बर्फ पडतो, मण मण.
इथं त्रेचाळीस डिग्री.
एक्सलेटर हातालाच आहे, पाय रिकामे,
म्हणून ते पाण्याच्या बादलीत.

तुम्हाला वाटेल, वेग.
वेग नाही हो. ऐंशीच्या वर मी जात नाही.
जीभ वळत नाही अशा एका गावात,
कुत्रंसुद्धा नसलेल्या चौकात
लाल दिव्याला मी थांबतो,
आणि त्या थांबण्यात जे सुख आहे
ते आसरा चौकात कधी भेटलं नाही.
इंडिकेटर देतो. टिकटिक, टिकटिक.
मागं कुणी नाही,
तरी त्या कुणी-नाहीला सांगतो
की बाबा, मी आता वळणार आहे.
एरवी कुठं सांगून वळलोय मी?
वळलोय तरी कुठं?

एकदा शिवशरण बिराजदार आला,
आमचा हैदराबाद लाइनचा,
डिझेलच्या पावत्या द्यायला, अवेळी.
"काय करायलाव मुनीम?"
मग बघितलं, आणि दाराची चौकट धरून हसला.
"आरटीओ कुठाय ह्यात? चिरीमिरी?
उमरग्याच्या अलीकडं टायर बसला तर जॅक कोण लावतंय?
किन्नर नाही, चहा नाही, डास नाही,
ही कसली गाडी बे?"
मी म्हटलं, बसा.

बसला. त्या खेळण्यातल्या चाकावर
त्याचे हात मावेनात.
मला वाटलं, आता दाखवील हा,
घाट कसा काढतात ते.
त्यानं गाडी नेली असेल दोन मैल.
डावीकडं झाडांखाली मोकळी जागा होती,
तिथं हळूच घेतली. दोन्ही आरशांत बघितलं.
इंजिन बंद.

"हितं कोण उठवत नाही ना?"
नाही.
"टाकीतलं डिझेल?"
कुणी काढत नाही.
"ताडपत्री?"
कुणी फाडत नाही.
"बरं," म्हणाला
आणि हात पोटावर ठेवून बसून राहिला.
काच हळूहळू पांढरी होत गेली.
खेळातली रात्र वीस मिनिटांत उजाडते.
तेवढी सगळी घेतली त्यानं.

सकाळी मी त्याची बिल्टी फाडली.
हैदराबाद. टॉवेल. अठ्ठावन्न गठ्ठे.
तो काही बोलला नाही. मीही नाही.
अंगठ्याचा डाग नेहमीच्या जागी.

बायको विचारते, रात्रभर एवढं वाहता,
पोचवलं काय आजवर?
काय सांगू.
लोखंडाची कॉइल अजून त्या झाडांखालीच आहे,
उशिराचा दंड लाल आकड्यांत रोज वाढतोय,
आणि मी दुसरी गाडी घेतलीय,
कर्जावर,
तिच्यावरच चालवतो हल्ली.
जाता-येता ती जागा लागते.
तिथं मी दिवे मंद करतो, हॉर्न मारत नाही.