कांडीचा हात

मागच्या खेपेला वारा सुटला तेव्हा
आधी लाइट गेली, मग मोबाइलची रेंज,
मग गड्डमांच्या गच्चीवरची टाकी.
रिकामी होती, म्हणून दोन गल्ल्या उडत गेली.
आम्ही चौघं पलंगावर, पाय वर घेऊन,
पाणी उंबऱ्याशी,
आणि कुणालाच ठाऊक नाही
हे आता संपतंय की आता सुरू होतंय.

म्हणून पगाराच्या दुसऱ्या दिवशी
नवी पेठ, हत्तुरेंचं दुकान,
काचेवर तीन रेडिओ.

पहिला उन्हावर चालणारा.
"सोलापुरात उन्हाला काय तोटा?" हत्तुरे हसले.
खरं आहे. पण ज्या चार दिवसांसाठी
रेडिओ घ्यायला आलोय
त्या चार दिवसांत ऊन कुठं होतं?
दुसरा सेलवरचा, तीन जाडे सेल.
आमच्या घरात सेल असतात तेव्हा ते
पोराच्या गाडीत असतात.
तिसरा लाल. डोक्यावर टॉर्च,
कुशीत मिटलेलं हँडल, चाकूच्या पात्यासारखं.

मी घरून कागद लिहून आणला होता :
पाण्याचे थेंब चालतात का,
मीडियम वेव्ह लागतं का,
हँडल तुटलं तर सुटं मिळतं का.
"सगळं मिळतं की हो," हत्तुरे म्हणाले,
"आधी तुटू तर द्या."

नानांची तीस वर्षं यंत्रमागाशेजारी गेली.
त्यांच्या कानात अजून धोटा येतो-जातो,
त्याला ओलांडून दुसरं काही आत येत नाही.
त्यांनी एकेका रेडिओच्या जाळीवर
तळहात ठेवला, छाती तपासावी तसा.
पहिला म्हणाले, कुजबुजतोय.
दुसरा खोकतोय.
लाल्यावर हात जरा जास्त वेळ राहिला.
बोलले काहीच नाहीत.

अम्मा तोवर पंख्याखाली बसून होती.
उठली, पदराला हात पुसला,
हँडल उघडलं.
"जोरात फिरवा," हत्तुरे म्हणाले.
"जोरात नाही," अम्मा म्हणाली, "सूत तुटतं."
नवव्या वर्षापासून कांड्या भरलेला हात तो.
हळू, पण कुठंही न अडखळता,
एक वेढा दुसऱ्यावर न चढू देता
ती फिरवत राहिली
आणि लाल ठिपक्याचा हिरवा झाला.
आत कुणीतरी कांद्याचे भाव सांगत होतं.
आम्ही सगळे, दुकानातला पोऱ्यासुद्धा,
श्वास धरून ऐकत राहिलो,
जणू कांदाच येऊन धडकणार होता.

कन्नडात घासाघीस,
तेलुगूत कुरकुर,
मराठीत पावती.
अठराशेचा साडेसोळाशेला, टॉर्च तपासून.

अम्मानं चादरीच्या काठाची पिशवी शिवली त्याला.
मार्कंडेयाच्या फोटोखालचा खिळा त्याचा.
रोज दिवेलागणीला एकदा फिरवते,
गरज नसताना.
"हाताला सवय राहावी," म्हणते. कुणाच्या, ते सांगत नाही.

परवा रात्री सीनेकडून वारा आला.
पत्रे बोलायला लागले, मग गल्ली काळी झाली
आणि माझा मोबाइल हातात नुसता काचेचा तुकडा.
अम्मानं अंधारातच पिशवी काढली.
फिरवलं. खरखर, खरखर, मग एक माणूस :
पुढचे तीन तास, विजांसह,
झाडाखाली थांबू नये,
नदीकाठच्या गावांनी...

मी नानांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडणार,
तर त्यांनी मला हातानं थांबवलं.
तळहात जाळीवर होता.
"माणूस घाबरलेला नाहीये," म्हणाले,
आणि कूस बदलून झोपले.

अम्मा फिरवतच राहिली.
पोरगं टॉर्चनं छताला चंद्र काढत होतं.
भिंतीपलीकडून गड्डमांची सून ओरडली,
"काय म्हणतोय तो?"
आणि आम्ही सांगायच्या आतच,
"त्याला म्हणावं,
या वेळी टाकी भरून ठेवलीय."