प्रीमो

आल्गेरोच्या बंदरामागं, तटबंदीला पाठ टेकून
अकरा टेबलांची एक खाणावळ.
स्वयंपाकघराच्या झरोक्यातून हाक येते, "प्रीमो!"
आणि एदेल्मिरा हातातल्या काट्याचमच्यांसकट
दाराकडे वळून बघते.

दारात कुणी नसतं.
झरोक्यात असते वाफाळती बशी,
शिंपल्यांचं स्पॅगेटी.
इटालियनमध्ये प्रीमो म्हणजे जेवणातलं पहिलं वाढप,
हे तिला आल्या दिवशीच सांगितलं होतं.
पण कानांना कोण सांगणार?
कान थामोराचे. तिथं प्रीमो म्हणजे
मावसभाऊ.

मावस, आते, मामे, चुलत :
स्पॅनिशच्या घराला एवढे उंबरे नाहीत.
लॅटिनमध्ये कधीकाळी दोन शब्द जोडीनं चालायचे,
एक नातं सांगणारा, एक क्रम.
चालता चालता नात्याचा शब्द
वाटेत दम खायला बसला, तो उठलाच नाही.
क्रम एकटा घरी पोचला.
लोकांनी त्यालाच भाऊ म्हटलं,
पहिला कशातला, ते विचारलं नाही.

आवेलीनो तिच्याहून नऊ दिवसांनी मोठा,
म्हणून सगळ्यात पहिला.
सायकलवरून पडण्यात,
पाद्र्याला उलट बोलण्यात,
गाव सोडण्यात.
बोटीत भागी घेतो म्हणून
तिचे चार हजार युरो घेऊन गेला.
मग एक पोस्टकार्ड : हीच तटबंदी, हेच पाणी,
मागं "सगळं ठीक". पत्ता नाही.

आपण माणसाला मामा बनवतो.
तिच्या गावचे लोक
फसले की प्रीमो बनतात.
आई फोनवर तेवढंच म्हणाली,
आणि तिला कळेना,
आई कुणाबद्दल बोलतेय,
त्याच्या की तिच्या.

म्हातारी बाकीझिया कांदा चिरायला शिकवते.
"प्रिम," म्हणते, "अजून प्रिम."
तिच्या घरची बोली कातालान,
सातशे वर्षांपूर्वी गलबतांतून उतरलेली.
त्या बोलीत प्रिम म्हणजे बारीक.
एदेल्मिरा चिरत राहते
पहिल्याहून पहिला, भावाहून भाऊ,
इतका पातळ की सुरीच्या पात्यावर
पलीकडचा दिवा दिसतो.
डोळ्यांतलं पाणी कांद्याच्या नावावर जातं.

धक्क्यावर जाळं विणणाऱ्या एकाला
तिनं फोटो दाखवला.
त्यानं चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं.
"प्रीमा," म्हणाला.
होय, ती म्हणाली, मीच ती,
मावसबहीण.
दोघांनी माना डोलावल्या.
तिला वाटलं, या माणसाला सगळं माहीत आहे,
आता याहून काय विचारायचं.

रात्री ताटं पुसताना हातातलं फडकं थांबलं.
इटालियनमध्ये प्रीमा म्हणजे
पूर्वी.
पूर्वी होता. आधी. या आधी.

सकाळी धक्क्यावर ओली दोरी होती
आणि एक मांजर.

कोस्तेल भांडी घासतो, रुमानियाच्या वास्लुईचा.
त्याच्याकडेही असाच एक शब्द आहे, प्रिमेस्क.
तोंडवळा तोच,
पण रक्त लॅटिनचं नाही;
शेजारच्या स्लाव लोकांकडून आला आणि राहिला.
अर्थ : मी घेतो. आलेल्याला आत घेतो.
"म्हणजे तुमच्या खानदानातला नाही," कोस्तेल हसतो,
कोपरापर्यंत फेस.

हंगामाची शेवटची रात्र. खुर्च्या टेबलांवर उलट्या,
फक्त तीन सुलट्या.
बाकीझिया परात मधोमध ठेवते,
सवयीनंच ओरडते, "प्रीमो!"
एदेल्मिरा दाराकडे बघते.
बाकीझियाही बघते.
फेसाळ हात हवेत धरून
कोस्तेलही.

मग जेवायला बसतात.
दार कुणी लावत नाही.