झेड

हर्षल खवसे नागपूरहून आला, दीड वाजता,
चहा नको म्हणाला, पाणी स्वतःच्या बाटलीतलं प्याला,
आणि माझ्या कॉम्प्युटरला एक खोली वाढवून देऊन गेला.
सी होती, डी होती. आता सगळ्यात खाली झेड.
"मधली अक्षरं?" मी विचारलं.
"रिकामी राहू द्या," म्हणाला,
"एखादा पेनड्राइव्ह आला मुक्कामाला तर."

तेव्हापासून कोरचीच्या या एक्स-रे खोलीत,
जिथं पंखा तीनवर अडकलाय
आणि शिशाचा एप्रन खिळ्याला टांगून टांगून
खांद्यातून उतरलाय,
दोनशे किलोमीटरवरचं एक कपाट
माझ्या टेबलावर उघडतं.
डबल क्लिक. पिवळी फोल्डरं.
गाव, महिना, डावा, उजवा.
ओढून टाकलं की पडतं. नाव बदललं की बदलतं.
पासवर्डही पुन्हा विचारत नाही,
घरचाच समजतं मला.
फक्त किंचित उशीर लागतो,
विहिरीत खडा टाकल्यावर
आवाज वर यायला लागतो तेवढा.

तो उशीर मी कोणाला सांगत नाही.

मैनाबाई हलामी चाराच्या झाडावरून घसरली.
मनगट सुजून दुधी भोपळा.
हात पाटीवर ठेवला, श्वास धरा म्हटलं
(हाताला श्वास कशाला लागतो,
पण तोंडात बसलंय माझ्या)
आणि पडद्यावर तिची हाडं आली.
पांढरी, नीट,
एका ठिकाणी वाळल्या बांबूसारखी चिरलेली.

ती खुर्चीतून पुढं वाकली.
"हा माहाच हात होय का?"
"तुमचाच."
"न् ठेवला कोठं?"
"नागपूरले."
"दिसून तं इथंच राह्यला."
"दिसते इथं. हाये तिकडं."

तिनं तो सुजका हात उचलून मांडीवर घेतला,
झोपलेलं लेकरू सरकवावं तसा.
"मंग दुखते कोठं, साहेब?"

हर्षल खवसेनं कागदावर लिहून दिलेल्या
अकरा पायऱ्यांत हे नव्हतं.

मग बेडगावच्या घाटात कुठंतरी
जेसीबीचा दात वायरीवर बसला असावा.
झेडवर लाल फुली.
फोल्डरांची नावं अजून दिसत होती,
घर हलवून नेल्यावर जोतं दिसतं तशी.
क्लिक केलं की नुसतं गोल फिरायचं.
डॉक्टरीणबाई दोनदा डोकावून गेल्या.
मी वायर काढली, फुंकली, लावली.
हा उपाय अकरा पायऱ्यांत नाही, पण सगळे करतात.

मैनाबाईला घाई नव्हती.
तिनं पदराची गाठ दातानं सोडली,
मूठभर चारं माझ्या माउसजवळ ठेवली.
"पडलो तं पडलो. हे तं नाही सांडू देल्ले."
काळी, मऊ, बोटं रंगवणारी.
मी खाल्ली. बिया खिशात टाकल्या.
एंटरच्या बटनावर जांभळा ठसा उठला,
अजून आहे.

साडेतीनला फुली गेली, आली तशीच.
मी तिची फाईल उघडली
आणि मधोमध एक करडी चौकट उभी राहिली:
ही फाईल दुसरं कोणीतरी वापरत आहे.
तुम्हाला फक्त पाहता येईल.

"काय म्हंते?"
"कोणीतरी उघडलाय. आत्ता, याच टायमाले."
"कोन?"

मला काय माहीत.
हाडांचे मोठे डॉक्टर असतील,
नाहीतर एखादा शिकाऊ पोरगा,
बाजूला अर्धा डबा, एका हातात पोळी.
"पाहून राह्यले कोणीतरी," मी म्हटलं, "तुमचा हात."

मैनाबाईनं खोलीभर नजर फिरवली.
पंखा. एप्रन. दाराची कडी.
आणि चांगल्या हातानं
मोडक्या हातावर पदर ओढून घेतला.