शेऱ्याचा रकाना

कालिन्याच्या ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर,
सव्वीस वर्षं मी वैमानिकांचे तास मोजते.
विमानात बसले दोनदा.
दोन्ही वेळा खिडकी मिळाली नाही.

तरी खोटा तास मला वासानं कळतो.
पूर्वी जुहूच्या क्लबातून पोरांची लॉगबुकं यायची:
नोंदी अकरा दिवसांच्या, शाई एकाच दुपारची,
प्रत्येक उड्डाण बरोबर दीड तासाचं,
जसं काही आभाळाला कुणी फूटपट्टी लावलेली.
मी पेन्सिलीनं बारीक टिंब द्यायचे.
साहेब विचारायचे, हे काय?
म्हणायचे, हे तास पेनानं उडवलेत.

खरे तास वाकडेतिकडे असतात.
एक तास सदतीस. दोन तास चार.
पण खरे म्हणून ते सारखे असतात का,
हे विचारायला रकाना नाही.
मस्कतहून परतताना अरबी समुद्रावर
यंत्राच्या हवाली केलेलं विमान,
कागदी पेल्यात निवलेला चहा,
शेजारच्या सीटवरल्याच्या मुलीची दहावी,
हाही तास.
आणि जमीन साठ फुटांवर असताना आडवा वारा शिरला,
डावा पंख खांदा पडल्यासारखा कलला,
ते नऊ सेकंद?
मिनिटाहून लहान काही आमच्या बेरजेत धरत नाहीत.

कॅप्टन विजयकर निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात
स्वतः वर आले, लिफ्ट सोडून, जिन्यानं.
'एकूण?'
म्हटलं, सोळा हजार दोनशे अठरा.
हसले. 'त्यातले माझे किती?'
आणि माझ्याच कॅल्क्युलेटरवर बोटं चालवली:
उड्डाणं सहा हजार, दर उड्डाणाला हातात चार-पाच मिनिटं.
'साडेचारशे धरा, तोरसकरबाई.
बाकीचे पगाराचे.'

आणि घाबरलात ते?
तोंडून निघूनच गेलं माझ्या.

बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
'चाळीस मिनिटं. फार तर पंचेचाळीस.
शिकलो ते तेवढ्यात.
नाही, तेही खरं नाही.
काही जण घाबरतात आणि शिकतही नाहीत.'

त्यातली बावीस मिनिटं मला ठाऊक होती.

मी जरीमरीत राहते, विमानतळाच्या भिंतीला लागून.
विमान उतरायला लागलं की मांडणीतली ताटं बोलतात.
दोन वर्षांमागचा मार्च, रात्रीचे पावणेअकरा,
मी भांडी पुसत होते.
आवाज रोजच्यासारखा खाली येत होता
आणि एकाएकी उलटला. इंजिनं ओरडत वर निघाली.
एक वाटी फळीवरून पडली
आणि लादीवर गोल फिरत राहिली, थांबेचना.

दुसऱ्या दिवशी कागद टेबलावर आला.
डाव्या सीटवर विजयकर.
उजव्या सीटवर शर्वाणी केणी, वर्सोव्याची, तास नऊशे बारा.
ती म्हणाली, 'गो-अराउंड.'
त्यांनी 'का' विचारलं नाही.
पंधरा हजारांनी नऊशेंचं ऐकलं,
हात पुढे गेला, बस.
समुद्रावरून वळसा घालून पुन्हा उतरले.
दोघांच्या नावावर बावीस-बावीस मिनिटं.

तिचा आवाज कुठल्या रकान्यात,
त्यांचं न विचारणं कुठल्या,
दोन्ही वह्या शेजारी ठेवून मी शोधत बसले होते.
डबा तसाच राहिला.

आता केणीचा अर्ज आलाय डाव्या सीटसाठी.
नवे साहेब चष्मा वर करून म्हणतात,
मुलगी चांगली आहे हो, पण तास कमी पडतात.
आकडा त्यांचा बरोबर आहे. मीच काढून दिलाय.

काल सगळे गेल्यावर तिची वही काढली.
मार्चचं पान. बावीस मिनिटांची ओळ.
खऱ्या तासाला मी कधी पेन्सिल लावली नव्हती.
टिंब दिलं.

आज साहेबांचं बोट बरोबर तिथंच थांबलं.
हे काय, तोरसकरबाई?
काही नाही साहेब, म्हटलं,
त्या रात्री माझी वाटी पडली होती.