अकरा पानं

चोडणच्या शाळेत पुस्तकांचं कपाट एकच,
आणि त्यात इंग्रजी पुस्तकही एकच.
शिवोलकर मास्तरांनी ते पणजीहून
रद्दीच्या भावात आणलेलं.
शनिवारी शेवटच्या तासाला ते उघडत,
एक डोळा इंग्रजीवर, एक आमच्यावर,
आणि तोंडातून सरळ मराठी पडायचं,
अडलंच कुठे तर कोकणी.

लिहिणारी बाई विलायतेतली, हेस्टर थॉर्नबी.
तिच्या गोष्टीत आटलेल्या विहिरीत जिना,
जिन्याच्या तळाशी बर्फाचं राज्य,
तिथे एक ओतारी माणसांची नावं वितळवून
घंटा ओततो.
बहीण वर येते. भाऊ मागे राहतो,
त्याच्या नावाची घंटा अजून ओतायची असते,
आणि तिथेच मास्तर थांबले.
पुढची अकरा पानं वाळवीनं खाल्ली होती.

आम्ही चौदा जण. मास्तर म्हणाले,
बाई जिवंत आहे, तिलाच विचारा.
एका पाकिटात चौदा चिठ्ठ्या,
तिकिटांचे पैसे मास्तरांच्या खिशातले.

उर्सुलाचा बाप मासळी विकायचा.
तिनं विचारलं, तुमच्या बर्फाला
बांगड्याचा वास येतो का? आमच्या येतो.
मी लिहिलं, जिना कशाला हवा?
आमच्या मानशीचं दार भरती आली की
कुणी हात न लावता मिटतं. ते घ्या हवं तर.
(किती शहाणी होते मी. अजून लाज वाटते.)
दुलबानं दोनच ओळी लिहिल्या:
भाऊ परत येतो का?
माझा बोटीवर गेलाय, पत्र येत नाही.

पावसाळा गेला, चवथ गेली,
खाजनातलं भात कापून झालं,
आणि पोस्टमन फेरीवरून उतरला तो ओरडतच.
निळ्या कागदावर बाईचं बारीक अक्षर.
मानशीचं चित्र काढून पाठवा, म्हणाली.
उर्सुलाला लिहिलं होतं,
आमच्या बर्फाला कसलाच वास नसतो.
तुझं पत्र वाचेपर्यंत
मला याचं कधी वाईट वाटलं नव्हतं.
शेवट काय, ते मात्र कुठेच नाही.
दुलबासाठी वेगळं पाकीट होतं, चिकटवलेलं.
मास्तरांनी ते तसंच त्याच्या हातात दिलं.
तो ते घेऊन बांधावर गेला
आणि संध्याकाळपर्यंत दिसला नाही.

पुढे मी नोकरीला लागले,
पहिल्या पगारात ते पुस्तक शोधून घेतलं, अख्खं.
अकरा पानं उभ्यानंच वाचली, दुकानात.
भाऊ परत येत नाही.
शेवटच्या ओळीत नुसती घंटा वाजते.

नंतरच्या पुस्तकात तिनं बर्फाला
मासळीचा वास दिला.
तिकडच्या वाचकांनी म्हणे तिला धारेवर धरलं.
बर्फ कधी पाहिलाय का बाईनं?
मुलांना काय वाट्टेल ते सांगता?
एका हेडमास्तरांनी तर पुस्तकच परत पाठवलं.
दुसऱ्या आवृत्तीत वास तसाच होता.
तिसऱ्या आवृत्तीत
बर्फाच्या राज्याला एक दार आलं,
भरतीला आपोआप मिटणारं.
मी कुणालाच सांगितलं नाही.
कोण विश्वास ठेवणार?

दुलबा आता फेरीवर आहे, रायबंदर ते चोडण,
दिवसातून कितीदा ते त्यालाही ठाऊक नाही.
परवा शेजारी एक मोटारसायकल उभी होती,
मागच्या पेटीतून बर्फाचं पाणी ठिबकत होतं,
आणि वास, तोच.
म्हणून विचारलं इतक्या वर्षांनी.
पुस्तक पुरतं वाचलं मी, म्हटलं, अकराही पानं.
भाऊ येत नाही रे त्यात.
तुला काय लिहिलं होतं तिनं?

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.
साखळीवर हात, नजर धक्क्यावर.
बारावें म्हजेकडेन आसा, म्हणाला,
आणि फळी खाली सोडली.
मागच्या स्कूटरवाल्यानं हॉर्न दिला.
मला उतरावं लागलं.