वाजलं

महिन्याचा पहिला रविवार, सकाळचे दहा.
स्टुलावर चढायचं, बटण दाबून धरायचं,
मनात पाच मोजायचे.
छताला चिकटलेली पांढरी बशी आधी गप्प राहते,
मग किंचाळते,
आणि तिच्या मागोमाग, मध्ये तार नसताना,
चार मजले खाली
तात्यांच्या छतावरची दुसरी.

फोन येतो.
"वाजलं," तात्या म्हणतात,
आणि माझं काही ऐकायच्या आत ठेवून देतात.

बी विंगमध्ये कुणाची तरी स्कूटर
रात्रभर चार्जिंगला लावलेली होती.
त्यानंतर आठवडाभर घणसोलीतली आमची सोसायटी
आगीशिवाय दुसरं बोलली नाही.
मी तुर्भ्याच्या रिझवानला बोलावून ही जोडी बसवली.
"एकीला ठसका लागला की दुसरी खोकणार, ताई.
फक्त आंघोळ घालू नका तिला."

म्हणून ओलं फडकं नाही, फिनेल नाही,
दिवाळीत रंगाऱ्याचा ब्रश तर लांबच.
मऊ कुंचला, जाळीच्या कडेकडेनं.
ठाणे-बेलापूर रस्त्याची करडी धूळ निघते,
एकदा कोळ्याचं पिल्लू निघालं,
विनाकारण रात्री ओरडायला लावणारं.
सेल बदलला की पेननं पोटावर तारीख.
दहा वर्षांनी यंत्रच बदलायचं,
तेही मागे छापलेलं आहे, महिन्यासकट.

फेब्रुवारीत स्टूल पिंगळेबाईंकडे होतं,
हळदीकुंकवाचं तोरण बांधायला नेलेलं.
मी दारात उभी, वाट बघत.
दहा वाजले.
बटणाला माझा हात लागलेला नव्हता.
फोन आला.
"वाजलं," तात्या म्हणाले. "खणखणीत."

तो जास्तीचा शब्द
मी किती तरी वेळ हातात धरून उभी होते.

कुंचला घेऊन खाली गेले. म्हटलं, तुमचं साफ करायचं राहिलंय.
ते मटार सोलत होते.
त्यांच्याच खुर्चीवर चढून मी बटण दाबलं.
कानात सुई गेल्यासारखं झालं मला,
समोरच्या गॅलरीतली कबुतरं उठली,
आणि तात्यांच्या अंगठ्यानं
एक शेंग सावकाश उघडली,
दाणे वाटीत, साल पेपरवर.
पुढची शेंग.
मग त्यांनी वर माझ्या तोंडाकडे पाहिलं.
"वाजलं?"

कानांच्या मागे तारीख छापलेली नसते.
एकतीस वर्षं रबाळ्याच्या कारखान्यात
कॉम्प्रेसरच्या शेजारी उभा राहिलेला माणूस.
दार वाजलेलं कळतं, ढोल कळतो,
भाजीवाल्याचा घसा कळतो.
पातळ, टोकदार असं जे काही असतं
ते कधी गळून गेलं
त्यांनाही नक्की सांगता येईना.
"घड्याळ होतंच की," एवढंच म्हणाले.
तेवढ्यात वरून पिंगळेबाईंचा फोन:
अहो, तुमच्या बंद घरात काय बोंबलतंय?

रिझवान म्हणाला, उशीखाली ठेवायची चकती येते,
वरची ओरडली की ही थरथरते.
मला वाटलं, तात्या नाही म्हणतील.
त्यांनी चकती तळहातावर घेतली,
डोळे मिटले,
मशीनवर हात ठेवून बेअरिंग गेलंय का बघावं तसे.
"कॉम्प्रेसर मी असाच ऐकायचो," म्हणाले.
"कानानं कोण ऐकतंय त्या गदारोळात."

आज मार्चचा पहिला रविवार.
स्टूल घरी आहे, मी त्यावर.
दहा वाजले.
दहा वाजून चार.
दूधवाल्याचं बिल दारात सरकवलेलं दिसतंय इथून.
फोन वाजलेला नाही.
दहा वाजून सात.
खाली ते गादीवर बसले असतील, हात उशीखाली.
माझं बोट बटणावर आहे,
अजून दाबलेलं नाही.